थोरवीची मोजणी: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, सीमेच्या या बाजूने

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची गुणानुक्रमे यादी लावण्याचा प्रघात १९४८ साली पडला. हार्वर्डचे इतिहासकार थोरले आर्थर श्लेसिंजर यांनी ५५ जाणकारांची मते मागवली आणि निकाल ‘लाइफ’ साप्ताहिकात छापला. लिंकन, वॉशिंग्टन, फ्रँकलिन रूझवेल्ट, विल्सन, जेफरसन आणि जॅक्सन हे सहा जण थोर ठरले. ग्रँट आणि हार्डिंग यांच्या वाट्याला अपयशाचा शिक्का आला. १९६२ मध्ये श्लेसिंजर यांनी हाच खटाटोप ७५ जणांना विचारून पुन्हा केला. १९८२ पासून सिएना कॉलेज आणि २००० पासून सी-स्पॅन वाहिनी अशा पाहण्या घेत आली आहे. सी-स्पॅनच्या पाहणीत दहा निकष असतात. लोकांचे मन वळवण्याची हातोटी, संकटातले नेतृत्व, अर्थव्यवस्था, नैतिक अधिकार, परराष्ट्र संबंध, काँग्रेसशी जुळवून घेणे, सर्वांना समान न्याय मिळावा यासाठीची धडपड हे त्यांतले काही. २०२१च्या पाहणीत १४२ जणांनी गुण दिले आणि लिंकन, वॉशिंग्टन, फ्रँकलिन रूझवेल्ट, थिओडोर रूझवेल्ट, आयझेनहॉवर हे पहिले पाच आले. पहिली तीन नावे पाऊणशे वर्षांत जवळजवळ हललेली नाहीत. त्यांच्याखाली मात्र सतत चढउतार झाले आहेत आणि या विषयातला खरा अभ्यास त्या चढउतारांचाच आहे.

या अभ्यासाला कॅनडातल्या सरे शहराची जागा सोयीची आहे. शहराच्या आग्नेय टोकाला झीरो अव्हेन्यू नावाचा रस्ता अमेरिकेच्या सीमेला चिकटून जातो. सरेतल्या अव्हेन्यूंचे आकडे त्या सीमेपासून उत्तरेकडे मोजले जातात. दक्षिणेला, अमेरिकेच्या ब्लेन गावाला लागून, बरोबर सीमारेषेवर पीस आर्च ही ६७ फूट उंचीची पांढरी कमान उभी आहे. इथे राहणाऱ्या माणसाला अमेरिकेच्या अध्यक्षाला मत देता येत नाही, पण त्या अध्यक्षाने केलेल्या करारांत तो राहतो. देशाभिमानाचा रंग उतरवून एखाद्या अध्यक्षाकडे पाहायचे असेल, तर ही बाजू बरी.

आधी क्रम आणि लोकप्रियता यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. १९५२च्या फेब्रुवारीत गॅलपच्या पाहणीत हॅरी ट्रुमन यांच्या कारभारावर फक्त २२ टक्के लोक खूश होते. सी-स्पॅनच्या २०२१च्या यादीत ते सहावे आहेत. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर धाकट्या बुश यांना ९० टक्क्यांचा पाठिंबा होता; सात वर्षांनी तो २५ वर आला. जॉन केनेडी यांची कारकीर्द हजार दिवसांहून थोडीच जास्त. त्यांचे बहुतेक मोठे कायदे त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाहीत. तरीही २०२३च्या गॅलप पाहणीत ९० टक्के अमेरिकनांनी त्यांच्या कारभाराला पसंती दिली. इतिहासकार त्यांना आठवे ठेवतात, म्हणजे मान देतात, पण लोकांच्या प्रेमाइतका नाही. लोक माणसाला आठवतात. इतिहासकार त्याने हाती घेतलेले आणि तडीस नेलेले काम तपासतात. केनेडींच्या बाबतीत गोळीने कारकीर्द अर्धवट तोडली आणि पुढे व्हिएतनामने जे अध्यक्षपदाचे केले, त्याचा डाग त्यांच्या आठवणीला फारसा लागला नाही.

हातून घडलेल्या कामाचा सर्वांत स्वच्छ दाखला जेम्स पोक यांचा आहे. सरेची दक्षिण सीमा ४९व्या अक्षांशावर असण्याला तेच कारण आहेत. १८४४ साली त्यांचा पक्ष संपूर्ण ऑरेगॉन प्रदेश मागत होता; ती मागणी उत्तरेला ५४ अंश ४० मिनिटांपर्यंत जात होती. ती मान्य झाली असती तर आजचे सरे, व्हँकुव्हर आणि ब्रिटिश कोलंबियाचा बराच मोठा भाग अमेरिकेत असता. पोक यांनी जाहीरपणे ताठ भूमिका घेतली आणि १५ जून १८४६ रोजी ब्रिटनशी ४९ अंशांवर तडजोड केली, कारण महिनाभर आधीच मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले होते आणि दोन आघाड्या परवडणाऱ्या नव्हत्या. जकात कमी करणे, सरकारी खजिना बँकांपासून वेगळा ठेवणे, ऑरेगॉनचा प्रश्न मिटवणे आणि कॅलिफोर्निया मिळवणे ही चार कामे त्यांनी ठरवली होती. एकाच कारकिर्दीत चारही केली, पुन्हा उभे राहिले नाहीत आणि पद सोडल्यावर तीनेक महिन्यांत वारले. जुन्या इतिहासकारांना हे फार भावले. १९४८च्या यादीत पोक दहावे होते.

पण त्यांनी आखलेली रेषा सेमियाहमू या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशामधून गेली आणि त्यांना कोणी विचारले नाही. मेक्सिकोने आपला जवळजवळ निम्मा मुलूख गमावला. त्या मुलखात गुलामगिरी चालू द्यायची की नाही, या भांडणातून पंधरा वर्षांत यादवी पेटली. पोक स्वतः गुलाम बाळगणारे होते आणि अध्यक्ष असतानाही गुलाम विकत घेत होते. २०२१मध्ये ते अठरावे आहेत. त्यांच्या कामाची यादी बदललेली नाही. त्या कामाची किंमत कोणी चुकती केली, हा प्रश्न आता गुण देताना विचारला जातो.

पोक यांच्यासाठी ऑरेगॉनचा करार घडवणारे परराष्ट्रमंत्री होते जेम्स ब्युकॅनन. त्या करारात सामुद्रधुनीतली रेषा नीट आखली गेली नव्हती, त्यामुळे सान हुआन बेटे कोणाची हा वाद उरला. १८५९च्या जूनमध्ये त्या बेटावर एका अमेरिकन वसाहतकऱ्याने हडसन्स बे कंपनीचे डुक्कर गोळी घालून मारले. दोन्हीकडून सैन्य आणि युद्धनौका जमल्या. ब्युकॅनन तेव्हा अध्यक्ष होते. त्यांनी जनरल विन्फिल्ड स्कॉट यांना पाठवून प्रकरण शांत केले आणि माणसाचे रक्त सांडले नाही. शेजाऱ्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे काम होते. तरीही सी-स्पॅनच्या यादीत ब्युकॅनन ४४पैकी ४४वे आहेत. पुढच्याच वर्षी दक्षिणेची राज्ये फुटू लागली तेव्हा ते हात बांधून बसले. फुटून जाणे बेकायदा आहे आणि ते रोखणेही आपल्या अधिकारात नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यापाठोपाठ आलेले लिंकन पहिले आहेत. देश तोच, संकट तेच, काळ सलग. यादीची दोन टोके एकमेकांना खेटून उभी आहेत. संकटामुळे थोरवी मिळते असे सरसकट म्हटले जाते, ते ब्युकॅनन यांच्यावरून अर्धेच खरे ठरते. संकट कसोटी लावते, निकाल माणसाचा असतो.

लोकप्रियता किती लवकर विरते, हे वॉरन हार्डिंग यांच्याकडे पाहिले की कळते. १९२०ची निवडणूक त्यांनी ६० टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकली. ६ सप्टेंबर १९२१ रोजी, त्यांच्याच कारकिर्दीत, सॅम्युएल हिल यांनी उभारलेल्या पीस आर्चचे उद्घाटन झाले. मे १९२२मध्ये वॉशिंग्टनमधल्या लिंकन स्मारकाचा देशाच्या वतीने स्वीकार हार्डिंग यांनीच केला. २६ जुलै १९२३ रोजी अलास्काहून परतताना ते व्हँकुव्हरला उतरले. पदावर असताना कॅनडात आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. स्टॅन्ली पार्कमध्ये त्यांना ऐकायला हजारो लोक लोटले. आठवड्याभरात, २ ऑगस्टला, सान फ्रान्सिस्कोत त्यांचा मृत्यू झाला आणि अमेरिका शोकात बुडाली. स्टॅन्ली पार्कमधले त्यांचे स्मारक १९२५चे, शिल्पकार चार्ल्स मारेगा यांनी घडवलेले. त्याच सुमारास टीपॉट डोम प्रकरण उघड होत होते. सरकारी तेलसाठे खासगी कंपन्यांना देऊन लाच घेतल्याबद्दल त्यांचे अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री ॲल्बर्ट फॉल पुढे तुरुंगात गेले. हार्डिंग यांनी स्वतः पैसे खाल्ल्याचा पुरावा नाही. समाजवादी नेते युजीन डेब्ज यांची उरलेली शिक्षा त्यांनी माफ केली. १९२१मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात उभे राहून कृष्णवर्णीयांना राजकीय समानता हवी असे सांगण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले. हे त्यांच्या खात्यावर पुरेसे जमा केले जात नाही, असे म्हणायला जागा आहे. पण अध्यक्षाचा क्रम त्याने नेमलेल्या माणसांवरही ठरतो, आणि तिथे हार्डिंग हरले. २०२१मध्ये ते सदतिसावे आहेत.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि सरेच्या मातीत तो थेट पोहोचतो. महामंदीत बुडालेल्या देशाला त्यांनी सावरले, निवृत्तिवेतनाची सामाजिक सुरक्षा योजना आणली, दुसऱ्या महायुद्धात देशाचे नेतृत्व केले. चार वेळा निवडून आलेला दुसरा अध्यक्ष नाही. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांनीच काढलेल्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत नेण्यात आले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. त्याच महिन्यात कॅनडाच्या मॅकेन्झी किंग सरकारने तसाच निर्णय घेतला. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून सुमारे २२ हजार जपानी कॅनडियन हलवले गेले. सरेत स्ट्रॉबेरी हिल परिसराला नाव मिळाले ते स्ट्रॉबेरीच्या ज्या मळ्यांवरून, ते पिकवणाऱ्यांत जपानी कुटुंबे होती. त्यांच्या जमिनी, घरे, होड्या सरकारने विकून टाकल्या. युद्ध संपल्यावरही १ एप्रिल १९४९पर्यंत त्यांना किनाऱ्याकडे परतण्याची मुभा नव्हती. १९८८मध्ये ऑगस्टात रेगन यांनी आणि सप्टेंबरात ब्रायन मुल्रोनी यांनी आपापल्या देशाच्या वतीने माफी मागितली आणि हयात असलेल्यांना भरपाई दिली.

रूझवेल्ट आणि किंग दोघेही आपापल्या देशाच्या याद्यांत अगदी वर आहेत. कॅनडात पंतप्रधानांची अशी क्रमवारी ‘मॅक्लीन्स’ नियतकालिकाने १९९७मध्ये घेतली तेव्हा किंग पहिले होते. २०११मध्ये विल्फ्रिड लॉरिए पहिले आले. सरेतल्या दक्षिण आशियाई घरांना या दोन्ही नावांची आणखी एक बाजू माहीत असते. भारतातून कॅनडाला थेट बोट नसताना वाटेत न थांबता प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश देण्याचा १९०८चा नियम लॉरिए यांच्या सरकारचा. तेव्हा मजूर खात्याचे उपमंत्री असलेले किंग त्याच वर्षी लंडनला जाऊन भारतीयांचे येणे कसे थांबवावे याची बोलणी करून आले. १९१४मध्ये कोमागाता मारू जहाजावरच्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना याच नियमाच्या आधारे व्हँकुव्हरच्या खाडीतून परत पाठवले गेले. ब्रिटिश कोलंबियातल्या भारतीयांना मताधिकार मिळाला तो १९४७ साली, आणि तेव्हा पंतप्रधान किंगच होते. एका माणसाच्या खात्यावर हे सारे आहे. सरासरी काढून येणारा आकडा यांतले काहीच सांगत नाही, म्हणून क्रमवारी वाचणाऱ्याने आकड्यापाशी थांबू नये.

लिंडन जॉन्सन यांच्यापाशी ही गुंतागुंत टोकाला जाते. १६ सप्टेंबर १९६४ रोजी ते पीस आर्चपाशी आले आणि पंतप्रधान लेस्टर पियर्सन यांच्यासह कोलंबिया नदी कराराचा अंमल सुरू केला. खालच्या बाजूला मिळणाऱ्या जादा विजेपोटी अमेरिकेने सुमारे २५ कोटी ४० लाख डॉलर आगाऊ दिले. ब्रिटिश कोलंबियात डंकन, कीनलीसाइड आणि मायका ही तीन धरणे त्यातून झाली. पूर आवरले, स्वस्त वीज आली. ॲरो सरोवरांकाठची गावे आणि शेते बुडाली, मूळनिवासी सिनिक्स्ट लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जागा पाण्याखाली गेल्या. दीड महिन्याने जॉन्सन ६१ टक्के मते घेऊन निवडून आले. आधीच मंजूर झालेला १९६४चा नागरी हक्क कायदा, १९६५चा मताधिकार कायदा आणि ३ ऑक्टोबर १९६५चा स्थलांतर कायदा ही त्यांची कामे. या शेवटच्या कायद्याने मूळ देशावर ठरणारा कोटा मोडला. मुंबई-पुण्याचे इंजिनियर आणि डॉक्टर अमेरिकेत कुटुंबासह स्थायिक होऊ लागले ते त्यानंतर. पियर्सन सरकारने १९६७मध्ये गुणांवर आधारलेली पद्धत आणली आणि कॅनडाचे दारही तसेच उघडले. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांचा आरंभ या दोन निर्णयांत सापडतो.

याच जॉन्सन यांनी व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर सैनिक उतरवले. १९६५मध्ये पियर्सन यांनी अमेरिकेत जाऊन बाँबहल्ले थांबवण्याची सूचना जाहीर भाषणात केली, तेव्हा जॉन्सन त्यांच्यावर भयंकर संतापले होते. ३१ मार्च १९६८ रोजी पुन्हा न लढण्याची घोषणा करून ते बाजूला झाले. सी-स्पॅनच्या समान न्यायाच्या निकषावर ते लिंकन यांच्या खालोखाल येतात आणि परराष्ट्र संबंधांत फार खाली जातात. एकूण क्रम अकरावा. लोकांच्या आठवणीत मात्र केनेडी कितीतरी वर आहेत, जरी केनेडींची अपुरी राहिलेली बरीच विधेयके जॉन्सन यांनीच काँग्रेसकडून मंजूर करून घेतली.

प्रतिमेचे बळ असे असते आणि ते सरहद्दी ओलांडते. वॉशिंग्टन एका डॉलरच्या नोटेवर आहेत, लिंकन पाचाच्या. फ्रँकलिन रूझवेल्ट १९४६पासून दहा सेंटांच्या आणि केनेडी १९६४पासून अर्ध्या डॉलरच्या नाण्यावर. गट्झन बोर्ग्लम यांनी १९२७ ते १९४१ या काळात रशमोर डोंगरात चार अध्यक्षांचे चेहरे कोरवून घेतले आणि थोर कोण, हे पर्यटकांसाठी जणू कायमचे ठरून गेले. महाराष्ट्रात या कामी एका पत्राने मोठा वाटा उचलला. मुलाच्या मुख्याध्यापकांना लिंकन यांनी लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र वसंत बापट यांच्या मराठी रूपात शाळांच्या भिंतींवर, स्नेहसंमेलनांत आणि निरोप समारंभांत पिढ्यांनी वाचले. ते लिंकन यांनी लिहिल्याचा कोणताही पुरावा त्यांच्या कागदपत्रांत नाही. मराठी मुलाला लिंकन पहिल्यांदा भेटतात ते बहुधा त्या पत्रात; गुलामगिरी संपवणारा नेता नंतर भेटतो. पत्र खोटे असले तरी लोकांनी ते लिंकन यांच्याच नावावर का टाकले, याला अर्थ आहे. लाकडी खोपटात जन्मलेला, स्वतः शिकून वकील झालेला माणूस असे शहाणपण सांगेल, यावर सहज विश्वास बसतो. ज्याचे चारित्र्य आधीच मोठे, त्याच्याकडे असे लेखन ओढले जाते.

मोठेपण ओळखायचे कसे, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात सविस्तर मांडला होता. बुद्धी आणि प्रामाणिकपणा आवश्यक आहेत, पण तेवढ्याने माणूस थोर होत नाही. समाज बदलण्याच्या हेतूने तो झपाटलेला असावा लागतो, असा त्यांचा आशय होता. विभूतिपूजेला त्यांचा कडाडून विरोध होता. ही कसोटी पाहण्यांतल्या दहा निकषांपेक्षा कडक आहे. ती लावली तर जुन्या यादीतली काही नावे टिकत नाहीत.

वुड्रो विल्सन टिकले नाहीत. १९१९मध्ये लोकमान्य टिळकांनी पॅरिसच्या शांतता परिषदेकडे भारताच्या स्वयंनिर्णयाची मागणी पाठवली, विल्सन यांनाही लिहिले. स्वयंनिर्णयाबद्दलच्या विल्सन यांच्या शब्दांवर वसाहतींतल्या लोकांनी केवढी आशा ठेवली होती, हे त्यावरून कळते. ती आशा फुकट गेली. घरच्या आघाडीवर विल्सन यांच्या सरकारने केंद्रीय कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली होती. १९४८मध्ये चौथे असलेले विल्सन २०२१मध्ये तेरावे आहेत, आणि २०२०मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या एका महाविद्यालयाला आणि संस्थेला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले. अँड्र्यू जॅक्सन यांनी मूळनिवासींना त्यांच्या भूमीवरून हुसकणारा १८३०चा कायदा रेटला होता. तेही थोरांच्या रांगेतून बाविसाव्या स्थानावर गेले.

ग्रँट उलट दिशेने गेले. यादवी जिंकून देणारे हे सेनापती १८६९ ते १८७७ अध्यक्ष होते. सान हुआन बेटांचा वाद जर्मन सम्राटाच्या लवादाकडे सोपवून १८७२मध्ये शांततेने संपला तो त्यांच्याच कारकिर्दीत. मुक्त झालेल्या गुलामांवर दहशत घालणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला त्यांनी १८७१च्या कायद्याने आणि सैन्याच्या बळावर मोडून काढले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी त्या काळाचा इतिहास लिहिला गेला तो कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांच्या नजरेतून. कृष्णवर्णीयांना हक्क देणे हीच चूक होती, असा त्यांचा सूर होता. ग्रँट यांच्या वाट्याला मग त्यांच्या सहकाऱ्यांचा भ्रष्टाचार तेवढा उरला. १९४८मध्ये मतदान करणाऱ्या इतिहासकारांवर याच मांडणीचा पगडा होता. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५मध्येच तिला ग्रंथरूपाने उत्तर दिले होते, पण विद्यापीठांनी ते मनावर घ्यायला तीन दशके लावली. १९८८मध्ये एरिक फोनर यांचा यादवीनंतरच्या पुनर्रचनाकाळाचा मोठा इतिहास आला, २०१७मध्ये रॉन चेर्नो यांचे ग्रँटचरित्र. सी-स्पॅनच्या यादीत ग्रँट २०००मध्ये ३३वे होते, २००९मध्ये २३वे, २०१७मध्ये २२वे आणि २०२१मध्ये विसावे. गुण देणाऱ्यांची संख्याही या शेवटच्या दोन पाहण्यांमध्ये ९१वरून १४२वर गेली आणि त्यांत वेगवेगळ्या समाजांतून आलेले अभ्यासक वाढले.

ग्रँट अध्यक्ष असतानाच, १८७३मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या लढ्यातली महत्त्वाची गोष्ट कोणती, हे फुल्यांनी अचूक हेरले होते. अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या याद्यांमध्ये ती गोष्ट, म्हणजे सर्वांना समान न्याय, स्वतंत्र निकष म्हणून आली ती सी-स्पॅनच्या पाहणीत, २००० साली.